टी बसेना

बोरिवलीच्या उद्यानातून पाटीचं काम आलं.
पत्रा दहा बाय सहा, हिरवी जमीन, पांढरी अक्षरं,
कागदावर साहेबांच्या सहीवर तीन नावं:
बिबट्या. रानमांजर. वाघाटी.

मी म्हटलं, साहेब, तिसरी तर भाजी आहे.
आई करायची, आषाढातल्या बारशीला,
कडूपणा जावा म्हणून आधी मिठाच्या पाण्यात,
मग तेलावर, गूळ जरा सढळ हातानं.
उपास सुटायचा तो तिच्या घासानं.

साहेब म्हणाले, मांजर आहे.
एवढंसं. पूर्ण वाढलेली मादी किलोभर.
तुम्ही पाहिलीत?
नाही. कॅमेऱ्यात आली होती एकदा,
पाठमोरी.

आमच्या खालच्या मजल्यावर पोंक्षे सर,
संस्कृत शिकवून थकलेले,
दाराची कडी काढता काढताच उत्तर देतात.
व्याघ्र. घ्रा म्हणजे हुंगणे.
जो चहूकडून हुंगतो तो व्याघ्र,
असं जुने सांगतात, खरंखोटं त्यांना ठाऊक.
(माझ्या हाताला टर्पेंटाइनचा वास,
सर जरा मागे सरकले.)
आणि त्यातली ‘आटी’?
सरांनी चष्मा पुसला. परत पुसला.
आटीचं मला माहीत नाही.
वीस वर्षांच्या शेजारात
हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

सोमी दुमाडा पुलाखाली गोणपाट अंथरते,
कंटोळी, शेवळं, टाकळा, ज्या त्या दिवसात जे ते.
तिला विचारलं, नाव आधी वेलीचं की मांजराचं?
तिनं एक फांदी उलटी धरली:
वाकडे काटे, जोडीजोडीनं.
“ही बघ वाघाची नखा. लुगडा फाटंल, पण सोडायची नाय.”
आणि मांजर?
“तिला नखा नाय काय?
दोघींनी वाघाकडून उसना घेतलाय.”

वाघ सफारीच्या जाळीआड,
बाहेरगावाहून आणलेला.
वसुलीला येत नाही.

पावशेर घेतली. तराजू वर-खाली झाला तेव्हा
मनात आलं, चार अशा पुड्या
म्हणजे एक अख्खी मादी,
कान, मिशा, रात्रीचे डोळे सगळं धरून.

मीही त्याच वाघाचा देणेकरी.
पाटीच्या कोपऱ्यात बारीक लिहितो: वाघमारे आर्ट्स.
आजोबांना विचारलं होतं लहानपणी, कुणी मारला?
ते म्हणाले, आपल्यात कोणी झुरळसुद्धा धड मारलं नाही.
नाव आहे. चिकटलंय.

तर पाटी. बिबट्या ऐसपैस बसला,
रानमांजर दाटीवाटीनं.
वाघाटीला ‘वा’ मोठा झाला, ‘घा’ त्याहून मोठा,
हाताला वाघच लिहायची सवय,
आणि टी बसेना.
पत्रा संपत आला होता.
‘ट’ कसाबसा काठाला टेकवला,
वेलांटी राहिली.

ब्रश भरून हात वर नेला आणि तिथंच थांबलो.
वेलांटी.
तीस वर्षं देतोय ही, पहिली आणि दुसरी,
दुकानांना, शाळांना, नगरसेवकांच्या वाढदिवसांना,
कधी ऐकलीच नव्हती.
वेलाची ती वेलांटी.
वाघाची ती वाघाटी.
व्याकरणात बसतं की नाही कोण जाणे,
पण हाताला पटलं.

मग दिली. ‘ट’च्या डोक्यावरून, मागून पुढे,
पत्रा सोडून लोखंडी चौकटीवर,
चौकटीवरून थोडी खाली.

साहेब वैतागले.
शेवटचं अक्षर बाहेर गेलंय, वाघमारे.
मी म्हटलं, हो.
पुन्हा करून द्या.
देतो म्हटलं. पुढच्या आठवड्यात. बघू.

घरी येऊन सरांची कडी वाजवली.
दार उघडायला वेळ लागला.
आत रेडिओ चालू होता.
हातात पुडी, काटा कागदातून बाहेर आलेला,
शर्टाच्या बाहीत अडकून बसलेला.